हात ठेवा, धरू नका

अपंग मुलांना घोडीवर बसवतात अशा एका ठिकाणी मी स्वयंसेवक आहे. पोराशेजारी चालायला मिळालेल्या पहिल्या रविवारी घरी आलो तेव्हा माझा डावा हात खांद्यापासून भरून आला होता. पोरगं आठ वर्षांचं, वजन सोळा किलोही नसेल, पण वीस मिनिटं मी त्याला असं आवळून चाललो होतो, जसं काही सोडलं की ते थेट विहिरीत जाणार. त्याला खाली उतरवल्यावर मनातून वाटत होतं, कोणीतरी शाबास म्हणेल. घोडी धरणारे चाचा म्हणाले, "सर, पोट्टं कुठं बसलं होतं घोडीवर? तुमीच तर त्याले उचलून फिरवून राहिले होते."

फिजिओथेरपिस्ट मॅडम हसल्या नाहीत. "पुढच्या वेळी हात मांडीवर ठेवा, धरू नका," एवढंच बोलल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

ठेवणं आणि धरणं यातलं अंतर कळायला मला चार-पाच महिने लागले. ते कळण्यासाठी आधी घोडा चालताना पाठीवरच्या माणसाचं काय होतं, ते समजून घ्यावं लागतं.

जागा साधीच आहे. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे एका संत्राबागेला लागून मुरूम आणि रेती टाकून केलेलं रिंगण, टिनाचं शेड, विटांचा एक उतार आणि दोन घोड्या. दर रविवारी सकाळी आसपासच्या गावांतून सहा-सात मुलं येतात. कोणाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं), कोणी स्वमग्न, एकाला डाउन सिंड्रोम, एक मुलगी पूर्ण अंध. आम्ही स्वयंसेवक म्हणजे मी शाळामास्तर, एक अंगणवाडी सेविका ताई, बी.एस्सी.ला शिकणारी दोन पोरं आणि कधी आली तर आली अशी बाकीची मंडळी.

लोक याला सरसकट 'घोड्याची थेरपी' म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला हिप्पोथेरपी म्हणतात. नाव ऐकून आमच्या एका पालकाला पाणघोडा आठवला होता, आणि तो फार चुकला नव्हता. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा, आणि हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा, आपल्या पाणघोड्यासारखाच. हिप्पोथेरपीत घोडा हे थेरपिस्टचं साधन असतं. मुलाने लगाम धरायचा नसतो की घोडा वळवायचा नसतो. घोड्याची हालचाल त्याच्या अंगात उतरली पाहिजे, एवढाच हेतू. दुसरी गोष्ट म्हणजे अपंग मुलाने खरंच घोडेस्वारी शिकणं. तिथे प्रशिक्षक असतो, मूल लगाम धरतं, 'चल' म्हणतं, आंब्याच्या झाडाकडे वळवतं, खांबापाशी थांबवतं. पहिल्यात शरीराचं काम जास्त, दुसऱ्यात शरीराबरोबर डोकं, लक्ष आणि हुकूम सोडायची मजा. आमच्याकडे मुलागणिक दोन्हींची सरमिसळ होते. स्वयंसेवकाला मात्र आज कोणतं चाललंय हे माहीत असावं लागतं.

आता घोड्याची चाल. वाचता वाचता उठा, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा आणि अंगणात दहा पावलं चाला. एक बाजू खाली जाते, दुसरी वर येते. शिवाय कंबर थोडी पुढे-मागे कलते, आणि प्रत्येक पावलाला किंचित वळतेही. तीन दिशांच्या तीन हालचाली एकाच वेळी होत असतात. आपण हे दीड-दोन वर्षांचे असताना शिकलो आणि विसरून गेलो, म्हणून ते इतकं गुंतागुंतीचं आहे हे लक्षातही येत नाही.

साध्या चालीत घोड्याचे चार पाय चार वेगवेगळ्या वेळी पडतात. मागचा एक पाय उचलून पुढे जातो तेव्हा त्या बाजूची पाठ खाली येते, आणि वर बसलेल्याची त्याच बाजूची कंबर खाली-पुढे जाते. मग दुसरी बाजू. म्हणजे घोडा स्वतः चालता चालता पाठीवरच्या माणसाच्या कमरेला चालवतो, जवळजवळ माणूस चालतो तसाच. ज्या पोराने आयुष्यात एकही पाऊल टाकलं नाही, त्याच्या कमरेला आणि पाठीच्या स्नायूंना, आणि त्यांच्यामार्फत मेंदूला, चालणं म्हणजे काय ते इथे कळतं. मिनिटाला साधारण शंभर पावलं धरली तर वीस मिनिटांत दोन हजार. घरी खाटेवर पोराचे पाय हलवून देणाऱ्या आईला एवढी आवर्तनं, तीही याच लयीत, देणं शक्य नाही. कोणत्याही थेरपिस्टलाही नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांच्या मांड्या आतल्या बाजूने ताठ असतात, पाय कात्रीसारखे एकावर एक चढतात. घोडीवर ते आपसूक फाकवावे लागतात. घोड्याच्या अंगाची ऊब साधारण 38 अंश, म्हणजे आपल्यापेक्षा जरा जास्त. म्हणून अशा मुलांना खोगिरावर न बसवता नुसत्या जाड गादीवर बसवतात, म्हणजे ती ऊब मांडीला लागते. ऊब आणि लय मिळाली की ताठपणा हळूहळू सैलावतो. पहिल्या पाच मिनिटांत उभे राहिलेले गुडघे दहाव्या मिनिटाला खाली लोंबायला लागतात. हे मी एकदा नाही, शंभरदा पाहिलंय. आई कठड्याबाहेरून पाहत असते आणि तिलाही ते कळतं.

माझा हात भरून आला ती चूक इथे होती. घोडी प्रत्येक पावलाला त्याला थोडं कलवत होती, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पोटापाठीच्या स्नायूंनी त्याला मधोमध परत आणायचं होतं. व्यायाम तोच होता. मी आवळून धरल्यामुळे त्याला परत यायची गरजच पडली नाही. दोन हजार पावलांचा व्यायाम माझ्या दंडाला झाला, पोराला नाही. वर माझा भार एका बाजूला पडल्यामुळे गादी माझ्याकडे सरकली, आणि घोडीने तोल सांभाळायला उलट बाजूला अंग टाकलं. चाचांना ते स्पष्ट कळलं होतं.

हात ठेवायचे प्रकार ठरलेले आहेत. कमी आधार लागत असेल तर नुसता घोटा धरतात. जास्त लागत असेल तर घोडीकडचा हात मुलाच्या मांडीवरून आडवा टाकून बोटांनी गादीची कड पकडतात, म्हणजे वजन गादीवर येतं, मांडीवर नाही. त्याहून जास्त लागला तर कमरेच्या पट्ट्याला हात. मॅडम हा आधार आठवड्यागणिक उतरवत नेतात. आधी दोन्ही बाजूंनी मांडी, मग एका बाजूने, मग घोटा, मग नुसतं शेजारी चालणं. हे शेवटचं सर्वांत अवघड. हात रिकामा, पण कोपरात वाकलेला आणि मुलाच्या मांडीपासून वीतभर अंतरावर, आपला खांदा त्याच्या गुडघ्याच्या रेषेत, नजर त्याच्यावर. मोबाइल तर सोडाच, पलीकडच्या स्वयंसेवकाशी गप्पाही नाहीत. घोडी थांबवताना मूल पुढे झुकतं, आणि हात आपोआप त्याच्या छातीकडे जातो. तो आवरायचा. मनात तीन अंक मोजायचे. बहुतेक वेळा दोनवरच पोरगं स्वतः सरळ झालेलं असतं.

याच विषयात ज्यांचं नाव हमखास घेतलं जातं त्या लिस हार्टेल या डेन्मार्कच्या घोडेस्वार. 1944 मध्ये, गरोदर असताना त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय लुळे राहिले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करवून घेण्याच्या खेळात, रौप्यपदक मिळवलं. या खेळात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने उतरायची मुभा मिळाली, त्याच वर्षी. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना माणूस लागायचा. पदक घ्यायला चौथऱ्यावर चढताना सुवर्णपदक जिंकलेल्या हेन्री सेंट सिर यांनी त्यांना हात दिला. घोड्याच्या पाठीवर मात्र त्यांना कोणी धरलं नव्हतं. त्यानंतर युरोपात हे लोण वाढत गेलं, ब्रिटनमध्ये 1969 साली अपंगांच्या घोडेस्वारीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि 1996 च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून हा खेळ तिथेही कायमचा आला.

पुढचा घोडीचा, बाजूचे पोराचे

एका मुलामागे सहसा तीन माणसं लागतात. एक पुढे घोडी धरणारा, दोघं दोन बाजूंना. आमच्याकडे माणसं कमी पडली की मुलं कमी घेतात, स्वयंसेवक कमी करत नाहीत. आणि बोलायचं एकानेच, मॅडमनी. तिघांनी मिळून 'सरळ बस, सरळ बस' केलं की पोराला कोणाचं ऐकावं तेच कळत नाही. स्वमग्न मुलाच्या बाबतीत तर हा गोंधळ सहन होण्यापलीकडचा असतो.

घोडी धरणं हे काम आपल्याकडच्या शेतकऱ्याला सहज जमेल असं वाटतं. बैलांसोबत वाढलेली माणसं, जनावराचं अंग ओळखतात. तसं ते खरंही आहे, घाबरत नाहीत हे मोठंच. पण बैलांच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. एक म्हणजे कासरा हाताला गुंडाळणं. घोडी उधळली तर गुंडाळलेला दोर बोटं घेऊन जातो, म्हणून दोर घडी घालून मुठीत धरायचा, हाताभोवती वेढा कधीच नाही. दुसरी सवय म्हणजे मागून हाकणं. बैल मागून हाकतात. हातात तुतारी (वाजवायची नव्हे, टोचायची) आणि तोंडाने हुर्रर्र. घोडा धरणारा मात्र त्याच्या मानेशी, डाव्या बाजूला, पुढे बघत चालतो. घोड्याचे डोळे दोन्ही बाजूंना असतात. अगदी कपाळासमोर आणि शेपटीच्या मागे त्याला दिसत नाही. मागून आवाज न करता गेलात तर त्याच्या लेखी तुम्ही वाघ.

चालीचा वेगही धरणाऱ्याच्या हातात. नवा माणूस काळजीपोटी घोडीला रेंगाळत नेतो. मग पाठ हलतच नाही आणि पोराला काही मिळत नाही. मोकळी, लांब पावलांची चाल हवी. वळणं, थांबणं, पुन्हा निघणं हे मॅडम सांगतील तसं, कारण प्रत्येक थांब्याला आणि वळणाला मुलाच्या अंगाला वेगळं काम पडतं. दुडकी चाल आम्ही बहुतेक मुलांना देत नाही. ती हिसके देते.

सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे चढणं आणि उतरणं. त्यासाठीच विटांचा उतार. आई चाकाची खुर्ची ढकलत वर आणते, घोडी उतार आणि पलीकडचा ओटा यांच्या मधल्या गल्लीत उभी असते, ओट्यावर एक माणूस पलीकडचा पाय घ्यायला तयार असतो. पाय ओलांडताना घोडीच्या पुठ्ठ्यावर घासला तर ती पुढे सरकणार, आणि तेवढ्या एका पावलात पोरगं हवेत. म्हणून धरणारा तेव्हा पुढे तोंड करून उभा राहत नाही. घोडीकडे तोंड करून उभा राहतो.

गेल्या वर्षी कार्तिकात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. शेजारच्या बागेतला आच्छादनाचा काळा प्लास्टिक कागद वाऱ्याने फडफडत उठला. घोडी एक पाऊल आडवी उडाली. एकच. मी घाबरून पोराचा दंड पकडला आणि त्याला माझ्याकडे ओढलं. ओढल्याबरोबर गादीही त्याच्यासकट माझ्याकडे फिरायला लागली. पलीकडे अंगणवाडीच्या ताई होत्या. त्यांनी ओढलं नाही की ओरडल्या नाहीत. कोपरापर्यंतचा हात पोराच्या मांडीवर आडवा टाकून खाली दाबला, त्याला गादीत रोवला. चाचांनी तोवर घोडी थांबवली होती. पोरगं बसलेलं होतं, ताईंमुळे. घाबरलं की माणूस आपल्याकडे ओढतो. इथे मात्र खाली, घोडीच्या पाठीत दाबायचं असतं.

आणि खरंच उतरवायची वेळ आली तर कोण उतरवणार ते आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे डाव्या बाजूचा. तो मुलाच्या कमरेभोवती हात घालून त्याला घेऊन घोडीपासून दूर जातो, आणि पुढचा माणूस घोडीला घेऊन उलट्या दिशेला. पोराकडे धावावंसं वाटलं तरी पुढच्याने घोडी सोडायची नाही. सुटलेली घोडी आणि जमिनीवर पडलेलं मूल एका रिंगणात, याहून वाईट काही नाही.

कोणाला बसवायचं नाही

हा भाग लोकांना आवडत नाही. घोड्यावर बसलं की बरं वाटेल, मग सगळ्यांनाच बसवा ना, असं म्हणणारे पालक येतात. तीस-चाळीस किलोमीटरवरून, कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी पाडून आलेल्या आईला नाही म्हणणं जड जातं. पण दवाखान्याचे कागद पाहिल्याशिवाय कोणाला चढवत नाहीत.

डाउन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असतात. घोड्याच्या हालचालीने त्यामधल्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून मानेची तपासणी आधी. नंतरही मान वाकडी धरायला लागला, चाल बदलली, लघवीवरचा ताबा गेला असं आईने सांगितलं की त्या दिवसापासून बंद. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा सरकलेला असू शकतो. एक्स-रे काढल्याशिवाय मांड्या फाकवायच्या नाहीत. ताब्यात न आलेल्या फिट्स, ठिसूळ हाडं, बैठकीवर उघडी जखम, यातलं काही असेल तर थांबायचं. ज्या मुलांना कमरेखाली स्पर्शच कळत नाही, त्यांची कातडी उतरल्यावर आईने पाहायची. लाल चट्टा उठला असेल आणि बराच वेळ गेला नाही, तर पुढची फेरी नाही.

विदर्भात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी परदेशी पुस्तकांत सहसा पहिल्या पानावर नसते. सिकलसेल. आपल्या पूर्व विदर्भात तो घराघरांत आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याचा समावेश आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, अतिश्रम झाले की वेदनेचा झटका येतो. म्हणून अशा मुलाला तहान लागायची वाट न पाहता आधी आणि मध्ये पाणी पाजायचं, पौषातल्या गार सकाळी स्वेटर काढू द्यायचा नाही. मुख्य धोका वेगळाच आहे. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचं डोकं झिजत जातं. घरी म्हणतात, 'चमक भरली, लंगडून राहिला.' अशा मुलाला तंगड्या फाकवून घोडीवर बसवणं म्हणजे दुखऱ्या सांध्यावर भार टाकणं. लंगडणारं सिकलसेलचं मूल आलं की मॅडम आधी दवाखान्यात पाठवतात.

मग वजन. खोगिराचं वजन धरून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत स्वार असावा, असा ढोबळ नियम. ज्याला तोल धरता येत नाही त्याच्यासाठी त्याहून कमी, कारण लोंबकळतं वजन पाठीला जास्त लागतं. आमच्या घोड्या तीनशे किलोच्या आसपास. एकदा एक बाई एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. अठ्ठावन्न किलो, मान डगमगती. नाही म्हटल्यावर ती काही बोलली नाही, फक्त पदराने त्याची लाळ पुसली आणि परत जायला वळली. चाचांनी त्याच्या हातात घोडीचं अंग घासायचा खरारा दिला. घोडीच्या मानेपासून पाठीपर्यंत हात पुढे न्यायचा, मागे आणायचा. खांदा उघडतो, बोटं मूठ सोडतात, अंग मधली रेषा ओलांडून पलीकडे वळतं. आता तो दर रविवारी येतो, खरारा करतो आणि हौदाच्या तोटीवर मालकी सांगतो. घोडीवर तो कधीच बसला नाही.

बिजलीबद्दल

आमच्या दोघींतली थोरली वरातीची घोडी होती. नाव बिजली, चाल बैलबंडीची. विकत घेताना सगळे म्हणाले, फटाके-बँड सोसलेली घोडी आहे, हिला काय होणार? मला हे पटलं होतं. आता पटत नाही. सोसणं वेगळं आणि शांत असणं वेगळं. आली तेव्हा तिच्या जबड्याच्या कोपऱ्यांत जुने व्रण होते. काटेरी लगामाचे असावेत. काटेरी लगामाला आपल्याकडे 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, वराती मात्र चालूच आहेत. पहिले सहा महिने तिच्यावर एकही मूल बसवलं नाही. आता तिला नुसत्या म्होरकीवर चालवतात, तोंडात लोखंड नाही.

एकदा फेरी चालू असताना रस्त्यावरून डीजेची वरात गेली आणि बाईसाहेब जागच्या जागी पाय उचलून नाचायला लागल्या. वर पोरगं हसून लोळतंय, खाली आम्हाला घाम. चाचांनी तिला ओरडून दाबलं नाही, नुसतं पुढे चालतं केलं आणि रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडून ती दात दाखवायला लागली की त्या दिवशी तिला सुट्टी. शेपटी सारखी झाडणं, मान ताठ करणं, पावलं आखडणं ही सगळी तक्रारच असते. स्वयंसेवक पोराकडे बघत असतो, ते घोडीकडे बघणाऱ्याला आधी दिसतं. म्हणून चाचांचा शब्द आमच्याकडे मॅडमच्या शब्दाइतकाच चालतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोट बिघडलं की प्रकरण लगेच गंभीर होतं. पालकांनी प्रेमाने आणलेले पेढे आणि शिळी पोळी आम्ही गेटवरच काढून घेतो.

घोडा आणताना ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घेतात. हा घोड्याकडून माणसाला होऊ शकणारा जीवघेणा रोग आहे. आणि धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत असतात, तेव्हा स्वयंसेवकाने इंजेक्शन घेतलेलं असावं.

राहिला प्रश्न, याने फरक पडतो का. तोल, बसण्याची स्थिती, मांड्यांचा ताठपणा यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना फायदा झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय, पण बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि फायदा किती टिकतो यावर ठाम बोलता येत नाही. स्वमग्न मुलांबद्दल 2015 साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एक बऱ्यापैकी मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: सहा ते सोळा वयाची 127 मुलं, दहा आठवडे. अर्ध्या मुलांना घोडेस्वारी, उरलेल्यांना त्याच तबेल्यात घोड्यांविषयीचं शिक्षण, पण खऱ्या घोड्याला हात न लावता. घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड आणि अस्थिरता जास्त कमी झाली, बोलणं वाढलं. तेव्हा उपयोग आहे. पण मेंदूला झालेली इजा घोडा भरून काढत नाही, रोजचे व्यायाम सुटत नाहीत, आणि 'तीन महिन्यांत मूल चालेल' असं सांगून पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याच्या घोड्यापासूनही लांब राहा.

पावसाळ्यात आमचं जवळजवळ बंदच असतं. मुरूम टाकूनही खालची काळी माती वर येते, खुरांत चिखल बसून ते सडतात. चैत्र-वैशाखात सहाला सुरू करून आठला संपवतो, त्यानंतर घोडीलाही ऊन आणि पोरालाही. खरी ओढाताण दिवाळी ते संक्रांत. हवा सर्वांत छान, आणि नेमकी तेव्हाच अख्खं गाव वेचणीला.

तुमच्या भागात असं काही असेल आणि जायचं मनात असेल, तर चप्पल नको, बंद बूट घाला. ओढणी, मफलर, लांब कानातलं घरी ठेवा. घाबरलेलं मूल हाताला लागेल ते धरतं. अर्धा तास आधी पोहोचा. आणि पहिल्याच दिवशी पोराशेजारी चालायला मिळेल, या आशेवर जाऊ नका. आमच्याकडे नव्या माणसाला पहिले दोन रविवार पोराजवळ सोडत नाहीत. खूर साफ करायचे, तोबरे भरायचे, लीद उचलायची. मला तर दोनाचे चार रविवार लागले. टोपली शेडच्या डाव्या कोपऱ्यात असते.